‘बदलून बघू’ पंथाला उत्तर

परवा एका लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी शहरातले एक पाहुणे बसले होते. गाड्यांचा विषय निघाला तसा त्यांनी वाढप्याला हातानंच थांबवलं आणि निकाल दिला, ‘‘गुरुजी, आताच्या डिझेल गाडीत शोधत बसण्यासारखं काही राहिलंच नाही. सकाळी चालू होईना? फिल्टर बदला. तरी होईना? इंजेक्टर बदला. तरीही नाही, तर पंप बदला. कुठंतरी लागतंच की! शोधत बसायची खोड जुन्या मिस्त्र्यांची. आता वेळ कुणाकडं आहे?’’ सात-आठ जणांनी माना डोलावल्या. माझ्या तोंडात जिलेबी होती, म्हणून मी तेव्हा गप्प बसलो. आता बोलतो.

पाहुण्यांचं हे एकट्याचं मत असतं तर पंगतीबरोबर उठून गेलं असतं. पण हा एक मोठा पंथ आहे. ‘बदलून बघू’ हा त्याचा मंत्र, आणि गाडीमालक, गॅरेजवाले, टपरीवरचे सल्लागार असे सगळे त्याचे माळकरी. दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझ्याही गळ्यात ती माळ होती, त्यामुळं पंथाचं बळ कशात आहे ते मला आतून ठाऊक आहे. हा पंथ कधी हरतच नाही. चार वस्तू बदलल्या आणि चौथीला गाडी चालू झाली, की चौथी वस्तू खराब होती असं ठरतं. पहिल्या तीन ‘तशाही जायच्याच होत्या’. मी छत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. एखाद्या पोरानं प्रयोगवहीत असा निष्कर्ष लिहिला असता तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. स्वतःच्या गाडीपुढं मात्र मी अक्कल खुंटीला टांगली होती.

झालं असं. माझी गाडी जुनी, कॉमन रेल डिझेल. थंडीच्या सुरुवातीला तिनं सकाळचं रुसणं सुरू केलं. सेल मारला की इंजिन जोरात फिरायचं, पण धरायचं नाही. सहाव्या-सातव्या खेपेला अचानक पांढरा लोट सोडून चालू व्हायचं, आणि मग दिवसभर कितीही वेळा बंद-चालू करा, पहिल्या फटक्यात. बालाघाटावरची थंडी, म्हणून मी आधी बॅटरी बदलली. मग चारही हीटर प्लग. मग फिल्टर. रुसवा जागच्या जागी. शेवटी मांजरसुंब्याचा घाट उतरून शहरातल्या एका वर्कशॉपला गेलो. त्यांनी स्कॅनर लावला, कोड निघाला, आणि चार इंजेक्टर अधिक हायप्रेशर पंप असं अंदाजपत्रक माझ्या हातात ठेवलं. त्या पैशात एक दुभती म्हैस आली असती आणि वर दावं-दोरखंडही. मी ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून परत आलो. हे वाक्य फार उपयोगी आहे, कुठंही चालतं.

आमच्या गावातला मिस्त्री वयानं माझ्या विद्यार्थ्यांच्या बरोबरीचा. त्याचा बाप विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायचा. त्यानं बॉनेट उघडायच्या आधी दोन प्रश्न विचारले. पहिला, ‘‘हे कवापासून?’’ मी आठवून म्हणालो, दिवाळीच्या सर्व्हिसिंगनंतर. दुसरा प्रश्न ऐकून मला तो थट्टा करतोय असं वाटलं. ‘‘गुरुजी, तुमी कवा कवा घरामागच्या उतारावर गाडी लावता. तवा नाक कुणीकडं आसतंय?’’

नाक उताराकडं. धक्का स्टार्ट करायला सोपं जावं म्हणून मीच तशी लावत होतो. आणि मग लख्ख आठवलं की उतारावर लावलेल्या सकाळी धक्क्याची गरजच पडली नव्हती. गाडी चावीवरच चालू झाली होती. मी त्याचं श्रेय दैवाला देऊन मोकळा झालो होतो.

विहिरीवर मोटार बसवलेल्या माणसाला यातली गोम फोडून सांगायला नको. रात्री बंद केलेली मोटार सकाळी पाणी उचलेना, तर आपण मोटार बदलतो का? फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला आणि पाइपातलं पाणी उतरलं, हे शेंबडं पोरही सांगतं. पाइपात बादलीभर पाणी ओतलं की मोटार पुन्हा पाणी धरते. गाडीतही तसंच. टाकी मागं आणि खाली, इंजिन पुढं आणि वर. मधल्या नळीत कुठं केसाएवढी फट पडली, की रात्रभरात तिथून हवा आत शिरते आणि नळीतलं डिझेल हळूहळू टाकीकडं उतरतं. सकाळी पंपाला आधी हवा गिळावी लागते, मग डिझेल येतं. उतारावर नाक खाली केलं की टाकी इंजिनापेक्षा वर जाते, म्हणून डिझेल उतरत नाही. चार महिने माझी गाडी हे निदान मला ओरडून सांगत होती आणि मी हीटर प्लग बदलत होतो.

गंमत अशी की हे ज्ञान आपल्याकडं नवं नाही. खडकीला १९४६ साली सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सच्या इंजिनांनी मराठवाड्यातल्या कितीतरी विहिरींवर पाणी काढलं. ‘इंजिनानं हवा धरली’ हे वाक्य तेव्हा घराघरात होतं. बोल्ट सैल करायचा, हातपंपानं डिझेल सारायचं, फेस गेला आणि कोरी धार आली की बोल्ट आवळायचा. ज्या माणसांनी हे उभ्या पिकात, अंधारात, विडीच्या उजेडात केलं, त्यांचीच मुलंनातवंडं आज चार इंजेक्टरचं अंदाजपत्रक मुकाट्यानं खिशात घालतात. गाडीवर ‘कॉमन रेल’ असं लिहिलेलं असलं की आपल्या अंगचं शहाणपण एकदम अडाणी ठरतं, ते का?

‘‘पण नळीतून एक थेंब गळत नव्हता की!’’ असं मी मिस्त्र्याला म्हटलं होतं. इथंच फसगत होते. ज्या गाडीत टाकीतला पंप डिझेल पुढं ढकलतो, तिथं फट पडली तर डिझेल बाहेर येतं, वास येतो, नळी ओली दिसते. ज्या गाडीत इंजिनाकडचा पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो, तिथं नळीत ओढ असते. बाहेर काही येत नाही, बाहेरची हवा आत जाते. नळी कोरडी ठणठणीत आणि दोष मात्र तिच्यातच. मिस्त्र्यानं फिल्टरपुढं वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडली, सकाळपर्यंत गाडी तशीच ठेवली. सकाळी सेल मारला तेव्हा त्या नळीतून सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे पळताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. फिल्टरच्या जोडाची एक ओ-रिंग कापली गेली होती. दिवाळीत फिल्टर बदलताना ती चिमटली असणार. पुढं मी पुन्हा फिल्टर बदलला तेव्हाही जोड तोच आणि रिंग तीच राहिली.

आता पंथाचा पहिला आक्षेप येईल: एखाद्या गुरुजीचं नशीब उघडलं, म्हणून नियम होतो काय? अंदाजपत्रक तरी चुकीचंच असतं असं कुठं आहे? खरं आहे, नसतं. पुढचंच उदाहरण माझ्या विरोधात सांगतो. माझा पुतण्या जीप चालवतो, पाटोदा ते मांजरसुंबा. त्याची गाडी सकाळी बिनतक्रार चालू व्हायची, पण घाट चढून आली, चहाला दहा मिनिटं थांबली, की मग चालू व्हायची नाही. अर्ध्या तासानं निवली की पुन्हा ठीक. म्हणजे माझ्या गाडीच्या नेमकं उलट. गरम डिझेल पातळ होतं. इंजेक्टर आतून झिजला असेल तर पातळ डिझेल परतीच्या नळीनं निसटून जातं. सेल मारताना इंजिन मिनिटाला जेमतेम दोनशे-अडीचशे फेरे घेतं, तेवढ्यात पंपाला लागणारा दाब साधत नाही. रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत, साधारण दीडशे-दोनशे बार दाब झाल्याशिवाय बहुतेक गाड्यांतला कॉम्प्युटर इंजेक्टर उघडतच नाही.

इथं संशय इंजेक्टरवरच होता आणि तो खराही निघाला. पण कसा? मिस्त्र्यानं दवाखान्यातून सलाइनच्या चार रिकाम्या बाटल्या आणल्या, चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या एकेका बाटलीत सोडल्या आणि इंजिन काही मिनिटं चालवलं. तीन बाटल्यांच्या तळाशी बोटभर डिझेल, तिसऱ्या इंजेक्टरची बाटली अर्ध्याच्या वर. एक इंजेक्टर बदलला, त्याचा कोड गाडीच्या कॉम्प्युटरात भरून घेतला, गाडी सुरू झाली. ‘बदलून बघू’वाल्यांनी चारही बदलले असते आणि गाडी तेव्हाही चालू झाली असती. उरलेले तीन चांगले इंजेक्टर भंगारात गेले हे कुणाला कळलंही नसतं. माझा आग्रह महागडी वस्तू बदलू नका असा मुळीच नाही. बदलण्याआधी बाटली दाखवा, एवढंच मागणं आहे.

याहून फुकटातली एक तपासणी आहे, तिला बाटलीही लागत नाही. सेल मारताना एका माणसाला सायलेन्सरमागं उभं करा. इंजिन फिरतंय आणि मागून काहीच येत नाही, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचत नाही. नळी, फिल्टर, पंप, दाब, सेन्सर या वाटेनं जा. पांढरा धूर येतोय पण इंजिन धरत नाही, तर डिझेल पोचतंय, पेट घेत नाही. मग हीटर प्लग, बॅटरी, कॉम्प्रेशन पाहा. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. आताच्या गाड्यांत हवा साधारण सोळा-अठरा पटींनी दाबली जाते, तिचं तापमान पाचशे अंशांच्या वर जातं आणि त्या उष्णतेनं डिझेल पेटतं. सेल मंद फिरला की दाबलेल्या हवेची उष्णता भिंतीत मुरते, कॉम्प्रेशन उतरलं की ती तयारच होत नाही. माझी गाडी पहिल्या पाच सेलांना मागून काहीच सोडत नव्हती. म्हणजे हीटर प्लग निर्दोष होते, हे पहिल्याच दिवशी सायलेन्सरनं सांगितलं होतं. त्या चार प्लगांचे पैसे मी कुणाकडं मागू?

आता भेसळीकडं. गाडी कुरकुरली की पंपावर खापर फोडणं हा आमच्याकडं जवळजवळ राजकीय हक्क आहे. भेसळ होत नाही असं मी म्हणणार नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जिवंत जाळलं, तो दिवस विसरलेल्या माणसानंच तसं म्हणावं. पण भेसळीच्या डिझेलला सकाळ-दुपार कळत नाही. तीच टाकी, तेच डिझेल. सकाळी दोष आणि दुपारी गुण असं ते वागत नाही. शंका असेल तर ती पंपावर उभं राहून मिटवता येते. आलेल्या डिझेलची घनता नोंदलेली असते. ती मागा आणि मोजून दाखवा म्हणा. पंधरा अंश तापमानाला बेतलेल्या आकड्यात घनमीटरला तीन किलोपेक्षा जास्त फरक निघाला तर बोंब मारायला तुम्ही मोकळे. फिल्टर पेपरवर थेंब टाकून बघतात ती चाचणी पेट्रोलची, डिझेलला ती लावून भांडू नका. आणि खरं सांगायचं तर माझ्या माहितीतल्या निम्म्या ‘भेसळी’ ट्रॅक्टरसाठी गोठ्यात ठेवलेल्या कॅनमधल्या असतात. झाकण अर्धवट, वर पत्र्याची गळती, आत पाणी. फिल्टरच्या तळाचा बोल्ट सैल करून काचेच्या बाटलीत पावशेर डिझेल काढा आणि रात्रभर ठेवा. पाणी जड, ते सकाळी खाली बसलेलं दिसेल.

काही सुशिक्षित मंडळी म्हणतात की १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ डिझेल आलं, गंधक दहा पीपीएमवर उतरलं, डिझेल ‘कोरडं’ झालं आणि जुने पंप खाल्ले. गंधक काढताना वंगणाचा गुण कमी होतो हे खरं. म्हणूनच तो भरून काढणारी द्रव्यं घालतात आणि मानकात त्याची वेगळी मर्यादा असते. पुढं जाऊ.

स्कॅनरवाल्यांशी मात्र जरा थांबून बोललं पाहिजे, कारण ते यंत्राच्या आडून बोलतात. माझ्या गाडीत निघालेला कोड होता पी-००८७. त्याचा अर्थ एवढाच, की रेलमधला दाब हवा त्यापेक्षा कमी आहे. का कमी आहे? हवा धरली असेल, फिल्टर तुंबला असेल, इंजेक्टर गळत असेल, दाब सांभाळणारा व्हॉल्व्ह अडकला असेल, पंप झिजला असेल. ताप १०३ आहे एवढं थर्मामीटरनं सांगितल्यावर पोट फाडायला घेणारा डॉक्टर तुम्ही पाहिलाय? यात स्कॅनरचा गुन्हा नाही. उलट तोच स्कॅनर सेल मारताना दाब कसा चढतो हे आकड्यांत दाखवतो. दाब रडतरखडत चढतो, की चढतो आणि कोसळतो, की हलतच नाही, हे बघितलं तर निम्मं निदान तिथंच होतं. पण त्याला पाच मिनिटं पडद्याकडं डोळे लावून उभं राहावं लागतं. कोड छापून द्यायला पाच सेकंद पुरतात.

आणि जुन्या मिस्त्र्यांची मी आरती ओवाळतोय असंही कुणी समजू नये. विहिरीवरच्या इंजिनात चालू असताना नोजलचा नट सैल करून कुठला सिलिंडर मेला ते बघायची रीत होती. ती रीत कॉमन रेलवर वापरणाऱ्याला गाडीपासून दहा हात लांब ठेवा. टायरात हवेचा दाब साधारण दोन बार असतो. चालू इंजिनाच्या रेलमध्ये तो शेकड्यांत आणि पुढं हजारावर जातो. त्या दाबाची सुईएवढी धार कातडीतून आत घुसते, जखम दिसते टाचणीएवढी आणि बोट कापायची वेळ येते. हवा काढायची ती कमी दाबाच्या बाजूनं, फिल्टरपाशी, इंजिन बंद करून. एअर फिल्टरमध्ये ईथरचा फवारा मारणारे बहाद्दर दुसरे. खाली हीटर प्लग लाल होऊन बसलेले असतात, फवारा भलत्या क्षणी पेटला तर पिस्टन फुटतो. बापाचं शहाणपण घ्यायचं ते फूटव्हॉल्व्हचं, पान्याचं नव्हे.

पाहुण्यांच्या शेजारी बसलेला एकजण तेव्हा म्हणाला होता, कशाला एवढी उस्तवार, डिझेल गाड्या संपल्याच. बऱ्याचशा संपल्या, पण शोरूममधून. मारुतीनं एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बनवणं बंद केलं. फियाटचं तेराशे सीसीचं मल्टिजेट इंजिन, जे निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्यांत बसलं आणि आपल्या रांजणगावातही बनलं, तेही इथं त्याच सुमारास थांबलं. अष्टविनायकातल्या एका गणपतीच्या शेजारी तयार झालेली ती इंजिनं आज आमच्या भालचंद्र गणपतीच्या गावात दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडं धावतायत. नवी परवडत नाही, तोवर हीच चालवायची. रात्री बाळंतीण बीडला न्यायची असते, ऊसतोडीच्या हंगामात पहाटे माणसं पोचवायची असतात. शहरातल्या माणसाची गाडी सकाळी चालू झाली नाही तर तो रिक्षा करतो. इथं पहाटे चारला रिक्षा कुठली?

मग हा पंथ टिकला कशावर? गॅरेजवाल्यांना शिव्या घालून मी हा लेख संपवू शकलो असतो, टाळ्याही पडल्या असत्या. पण बिलाकडं नीट बघा. वस्तूची किंमत आपण निमूट देतो, डबा दिसतो ना! बसवायची मजुरी घासाघीस करून देतो. आणि शोधायचे? ‘‘नुसतं बघितलं, त्याचे कसले पैसे?’’ बीडच्या डॉक्टरनं नुसतं बघायचे पैसे नाडी धरायच्या आधी काउंटरवर घेतलेले आपल्याला चालतात. मिस्त्र्यानं तासभर डोकं लावून ओ-रिंग शोधली तर त्याला ओ-रिंगचे पैसे, आणि दुसऱ्यानं तासात चार चांगले इंजेक्टर बदलले तर त्याला म्हशीचे पैसे. शोधणारा उपाशी आणि बदलणारा तुपाशी, ही व्यवस्था आपणच घातलीय. उद्या त्या पोरानं बाटल्या फेकून दिल्या आणि तोही अंदाजपत्रक छापायला लागला, तर त्याला कुठल्या तोंडानं बोलायचं?

माझ्या गाडीचं काम झालं त्या दिवशी मी त्याला म्हटलं, बिल कर. तो हसायला लागला. ‘‘गुरुजी, रिंगचं काय बिल करायचं!’’ मी म्हटलं, दीड तास गाडीशी बसलास, आदल्या संध्याकाळी नळी जोडलीस, त्याचं कर. ‘‘बघायचे कसले पैसे?’’ तोही पंथातलाच निघाला. मी हटून बसलो तेव्हा त्यानं ऑइलच्या खोक्याचा एक पुठ्ठा फाडला, पहिल्या ओळीत ‘ओ-रिंग’ लिहिलं, पुढं किंमत टाकली. दुसऱ्या ओळीवर पेन अडलं.

‘‘हितं काय लिहू?’’

‘‘शोधलं, असं लिही.’’

त्यानं माझ्याकडं पाहिलं, पेनाचं टोपण कानामागं खोचलं आणि विचार करून लिहिलं, ‘इतर’.